व्हिसा नाकारला, म्हणजे आमचं लग्न खोटं?

"ताई, त्यांना आमचं लग्न खोटं वाटलं." गेल्या दोनेक वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की नकाराचं पत्र माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये असणारच, असं धरून चालते. ब्रिटननं 11 एप्रिल 2024 पासून जोडीदाराला बोलावणाऱ्याच्या वार्षिक उत्पन्नाची अट 18,600 पौंडांवरून 29,000 वर नेली, तेव्हापासून तर जास्तच.

ही मुलगी सांगलीकडची (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). नवरा लंडनजवळ स्लाऊला, तिथं कायम राहायची परवानगी मिळालेला. लग्नाला दहा महिने. इकडची नोकरी सोडलेली, दोन बॅगा भरून पलंगाखाली. पहिल्या दोन भेटींत ती रडली, मी धीर दिला. एक गोष्ट मात्र कानाला खटकत होती. 'अर्ज नाकारला' असं ती कधी म्हणायचीच नाही. 'मला नाकारलं' म्हणायची.

तिसऱ्या भेटीत विचारलं, "पत्रात नेमकं काय लिहिलंय?"

"नाकारलं म्हणून."

"आणि पुढे?"

"पुढचं नाही वाचलं."

एकोणीस दिवस झाले होते! आणि मी, समजुतीला आधी पुरावा मागायचा या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या पठडीत वाढलेली, दोन भेटी पत्र न बघताच बसले होते.

तिला मोठ्यानं वाचायला लावलं. आवाज कापत होता. दुसऱ्या पानावर ती थांबली. नात्याबाबतची अट पूर्ण होते, असं तिथं स्वच्छ लिहिलं होतं. तिनं स्क्रीनवर दोन बोटांनी ती ओळ मोठी केली, पुन्हा वाचली. खाली पगाराचा परिच्छेद. नवऱ्यानं चार महिन्यांपूर्वी नोकरी बदललेली. म्हणून मागच्या बारा महिन्यांची कमाई दाखवायची होती, पण जुन्या कंपनीच्या पगाराच्या स्लिपा जोडल्याच नव्हत्या.

"म्हणजे यात माझ्याबद्दल वाईट काहीच नाही?"

ती हसली, आणि दुसऱ्याच क्षणी उसळली, "मग यानं स्लिपा का नाही जोडल्या? त्याला मी नकोच असेन!"

याची मी वाटच बघत होते. म्हटलं, "स्लिपा राहिल्या, खरं आहे. तू त्याला नकोस, हे कुठल्या पानावर आहे?"

बराच वेळ ती फोनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे मीच लिहिलंय."

माझ्या कामात असे क्षण थोडे येतात.

तर असं पत्र आलेल्यांना सांगते. दोघांनी मिळून ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ब्रिटनबाहेरून केलेल्या अशा अर्जावर अपिलाला 28 दिवस असतात, तेव्हा तारीख आधी बघा. कागद राहिला असेल तर बहुधा नवा अर्ज सोयीचा, निर्णयच चुकला असेल तर अपील. पण हे तिथल्या अधिकृत इमिग्रेशन सल्लागाराला विचारा, मला नाही, आणि परदेशातल्या मावसभावाला तर नाहीच. अर्जाची फी जाते, आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी अर्जासोबत भरलेले पैसे) परत मिळतो. क्षयाच्या तपासणीचा दाखला सहाच महिने चालतो. पुढच्या अर्जात हा नकार लपवू नका, ते फार महागात पडतं.

फोनवर व्हिसाची चर्चा रोज अर्धा तास, घड्याळ लावून. त्यानंतर जेवलास का, झोपलीस का. 'कधी चाललीस?' विचारणाऱ्या काकूंना 'कागद कमी पडलेत' एवढं पुरे.

मी तिला बॅगा रिकाम्या करायला सांगितलं होतं. तिनं एक केली. दुसरीत थंडीचे कपडे होते, ती तशीच ठेवली. मीही काही बोलले नाही.