चहा तोच, पण आता झोप उडते

नागपूरच्या महाल भागातून एका ताईंचे पत्र आले आहे. त्या ५९ वर्षांच्या असून नुकत्याच शाळेतून निवृत्त झाल्या आहेत. त्या लिहितात, "पेपर तपासताना रात्री दहाला चहा घेऊनही मला पडल्या पडल्या झोप लागायची. आता संध्याकाळी सहाचा चहा घेतला, तरी एक-दीडपर्यंत मी टक्क जागी असते आणि छातीत धडधडते. मध्यंतरी चहा एकदम बंद केला, तर दोन दिवस डोके ठणकत होते. आमची भिशी संध्याकाळीच असते. चहा नको म्हटले की मैत्रिणी 'म्हातारी झालीस' म्हणतात आणि जिच्या घरी भिशी, ती रुसते. हे वय आहे की आजार? थायरॉईडची गोळी अनेक वर्षांपासून सुरू आहे, ती सकाळच्या चहासोबत घेते."

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य तुम्ही सहज लिहिले असेल, पण मी उत्तराची सुरुवात तिथूनच करते. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी, फक्त पाण्यासोबत घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, कॉफी, दूध काहीच घ्यायचे नसते, कारण त्यामुळे गोळी शरीरात नीट शोषली जात नाही. दुसरे असे की, वय वाढते तसा या गोळीचा जुना डोस काहींना जास्त होऊ लागतो, आणि जास्त डोसची लक्षणे म्हणजे नेमकी धडधड आणि निद्रानाश. म्हणून सगळा दोष चहावर टाकण्याआधी डॉक्टरांना भेटा, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्या, त्यांना योग्य वाटल्यास ईसीजीही काढा. गोळीची वेळ बदलणार असल्याचे त्यांना आधी सांगा, म्हणजे डोस त्याप्रमाणे ठरवता येईल. धडधडीसोबत चक्कर आली, दम लागला किंवा छातीत दुखले, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

आता चहाविषयी. दिवसभर जागे राहिल्याने मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्यामुळे झोप येते. चहातले कॅफिन त्याचीच जागा अडवून बसते. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरातून निम्मे कॅफिन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहातले निम्मे कॅफिन रात्री अकरालाही शरीरात असते. कॅफिनचा निचरा करण्याचे हे काम यकृत करते, आणि काही औषधांमुळे त्याचा वेग आणखी मंदावतो. शिवाय वयानुसार गाढ झोपेचा वाटा कमी होत जातो. तरुणपणी गाढ झोपेत जे कॅफिन जाणवतही नव्हते, तेच आता जागे ठेवते. यात तुमची काही चूक नाही, आणि तुमचे शरीर दुबळे झाले असेही नाही.

चहा सोडावा, असे मी सांगणार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम आहे. सकाळचे दोन कप यात आरामात बसतात. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळा, असेही ती संस्था सांगते, कारण चहातल्या टॅनिनमुळे अन्नातले लोह कमी शोषले जाते. तुमच्या वयात ते महत्त्वाचे आहे.

डोके ठणकले ते एकदम बंद केल्यामुळे. सवय असलेल्या माणसाने अचानक कॅफिन सोडले की एका दिवसाच्या आत डोकेदुखी सुरू होते आणि काही दिवस टिकते. म्हणून आधी संध्याकाळचा कप अर्धा करा, चार-पाच दिवसांनी तो दुपारी दोनच्या आत आणा आणि मग हळूहळू सोडून द्या. त्याऐवजी कोणी ग्रीन टी सुचवेल, पण त्यातही कॅफिन असते, तसेच ते कोल्ड कॉफीत आणि कोलातही असते. गवती चहात मात्र कॅफिन नसते. चहापत्ती न घालता गवती चहा आणि आले उकळून त्यात थोडा गूळ घातला, तर हातात गरम कप राहतो आणि झोपही राहते.

भिशीतल्या मैत्रिणींचे बोलणे तुम्हाला लागले आहे, हे पत्रातून कळते. निवृत्तीनंतर शाळेतली रोजची माणसे सुटतात, आणि त्यात उरलेल्या मंडळींनी असे म्हटले की ते जास्तच टोचते. तरीही भिशीला जाणे बंद करू नका, कारण तुम्हाला चहापेक्षा त्या घोळक्याची गरज अधिक आहे. जिच्या घरी भिशी असेल तिला आदल्या दिवशीच फोन करून सांगा की, "रात्री झोप लागत नाही म्हणून संध्याकाळचा चहा थांबवला आहे, पण तुझ्या हातचा चहा प्यायला एखाद्या सकाळी नक्की येईन," आणि मग खरेच जा. आधी सांगितले की तिला ऐनवेळी नकार ऐकावा लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत तर आपल्या नागपुरात पन्हे किंवा ताक मागितले म्हणून कोणी वाईट वाटून घेत नाही. त्या बैठकीत तुमच्या वयाच्या आणखी एक-दोघी रात्री जाग्या राहत असतील, अशी मला दाट शंका आहे. तुम्ही मोकळेपणी बोललात, तर पुढच्या वेळी त्याही तुमच्यासोबत गवती चहाचा कप उचलतील.