कॉलेजच्या स्पर्धेतल्या रोबोटची ड्राइव्हट्रेन (मोटरपासून चाकापर्यंतची सगळी जोडणी) हलकी आणि तरी मजबूत कशी करायची? कार्बन फायबर घ्यावं का?

कार्बन फायबर नको. प्लेटला भोक पाडून बोल्ट आवळला की भोकाच्या कडा चुरतात, कापताना धूळ छातीत जाते ती वेगळीच, आणि वाचवलेलं वजन शेवटी जाड शाफ्ट टाकून तुम्ही परत घालवणार. मी असल्या प्रश्नांना सहसा उत्तर देत नाही, पण 'हलकी आणि तरी मजबूत' वाचलं आणि राहवलं नाही.

आमच्या टीमच्या कॅप्टनच्या डोक्यात हलकं म्हणजे भोकं. साइड प्लेटला इतकी पाडली होती की तांदूळ चाळता आले असते. आणि चाकं कशी, तर थेट गिअर मोटरच्या शाफ्टवर, ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) मारून, दुसऱ्या बाजूला काही आधारच नाही. मी म्हणत होते बाहेरून एक बेअरिंग तरी दे, तर म्हणे वजन वाढेल. मग रॅम्पवरून उतरताना एक चाक तिरकं झालं, गिअरबॉक्सचा बुश (शाफ्टला धरणारी कडी) सैल, रोबोट कायम डावीकडे ओढतोय. यावर साहेबांचा निष्कर्ष काय, तर मोटर हलक्या दर्जाची आहे, मोठी घेऊ. म्हणजे आणखी वजन!

माझ्या मामाचं तेव्हा गोव्यात तिस्क-उसगावला गॅरेज होतं, खाणीच्या टिपरांचं काम. २०१२ला खाणी थांबल्यावर काम आटलेलं, त्यामुळे आमच्यासाठी त्याच्याकडे वेळच वेळ. मी तक्रार सांगितली तर काही बोलला नाही, दारात उभ्या टिपरच्या चाकांखाली दगड लावले, मागच्या हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचे, बोल्ट काढले आणि हाफ शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) सरळ बाहेर ओढून जमिनीवर ठेवला. टिपर जागच्या जागी, चाक जागच्या जागी. म्हणाला, "बाय, आता सांग, गाडीचं वजन कोणी धरलंय?" वजन हाउसिंगवर, म्हणजे शाफ्टभोवतीच्या कवचावर, आणि हबमधल्या बेअरिंगांवर. शाफ्टला फक्त पीळ द्यायचं काम.

तेच तुम्ही करा. शाफ्ट फिरवूच नका. १० मिमीचा स्टीलचा बोल्ट दोन्ही प्लेटमधून आरपार घाला, चाकात दोन ६००० नंबरची बेअरिंगं (आतून १०, बाहेरून २६, रुंदी ८ मिमी), स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) थेट चाकाला बोल्ट करा आणि मोटरवरून चेन आणा, ८ मिमी पिचची (दोन पिनांमधलं अंतर) ०५बी मापाची पुरते. तोच बोल्ट दोन प्लेट एकमेकींना बांधूनही ठेवतो, म्हणजे फ्रेम फुकटात कडक. मोटरवर चाकाचा भार उरतच नाही, फक्त चेनची ओढ, म्हणून गिअरबॉक्सही लहान चालतो. खरं वजन तिथे वाचतं, भोकांत नाही.

मोटर निवडताना उगाच घाबरू नका. २० किलोचा रोबोट, घर्षण ०.८ धरलं तर जमीन जास्तीत जास्त साधारण १५७ न्यूटन देते. १०० मिमी व्यासाच्या चाकाला ते सगळं मिळून ७.८ न्यूटन-मीटर, म्हणजे चार चाकांत प्रत्येकी २च्या आसपास. त्यापुढे चाक घसरतं, तुटत काही नाही. वळताना एखाद्या चाकावर जास्त भार येतो, म्हणून दुप्पट धरा आणि थांबा.

फिरता शाफ्टच हवा असेल तर पोकळ करा. २० मिमीच्या शाफ्टला आतून १०चं भोक पाडलं तर वजन २५ टक्के जातं, पिळाची ताकद फक्त ६ टक्क्यांच्या आसपास. हे एक भोक मला मान्य आहे.

फ्रेमला अ‍ॅल्युमिनियमचं चौकोनी सेक्शन घ्या. म्हापशाला खिडक्या बनवणाऱ्यांकडे ६०६३ जातीचं अ‍ॅल्युमिनियम मिळतं, चालतं, फक्त भिंत २ मिमीची मागा, खिडकीचं सेक्शन बरेचदा त्याहून पातळ असतं. वेल्ड करू नका, वेल्डच्या आजूबाजूचा भाग मऊ पडतो. कोपऱ्यात त्रिकोणी प्लेट आणि रिव्हेट मारा.

आम्ही शेवटी मामाच्या पद्धतीने केलं, सरांनी 'करून बघा' म्हटलं म्हणून, कॅप्टनने नाही. रोबोट सरळ चालला. हरलो ते ग्रिपरमुळे (वस्तू पकडणारा पंजा), आणि ग्रिपर कोणाचा होता ते मी लिहीत नाही. कॅप्टन अजून दर चवथीला घरी येतो आणि नेवऱ्या खात सांगतो की चेनच्या वजनामुळे हरलो.

हां, हे सगळं साध्या चाकांचं. मेकॅनम (तिरक्या रोलरांची, आडवंही चालवणारी चाकं) असेल तर बाजूचा धक्काही धरावा लागेल, एकमेकांना ठोकणारे रोबोट असतील तर माझे आकडे सोडून द्या. तुमची वजनमर्यादा किती ते तुम्ही लिहिलंच नाहीये. आणि मोटर बसवायला गोल भोकं नको, लांबट खाचा ठेवा, चेन ताणायला लागतेच, शिवाय आपल्याकडच्या पावसात तिला तेल लावून ठेवा, नाहीतर आठवड्यात लाल होते.