छातीतली जळजळ आणि चमचाभर मध

प्रश्न : माझे वय ५६ असून मी शेती करतो. गेले काही महिने रात्री अंथरुणाला पाठ टेकली की छातीत जळजळते आणि आंबट पाणी घशाशी येते. मेडिकलमधून आणलेल्या गोळीने दोन दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. भावकीतल्या एका वडीलधाऱ्यांनी सकाळी अनशापोटी कोमट पाण्यातून मध-लिंबू घ्यायला आणि रात्री झोपताना चमचाभर मध चाटायला सांगितले आहे. महाबळेश्वरचा खात्रीचा मध घरात आहे. त्याने हा त्रास कायमचा जाईल का? मला मधुमेह नाही. गुडघेदुखीसाठी अधूनमधून गोळी घेतो आणि जेवणानंतर तंबाखूची सवय आहे.
— एक वाचक, वाई तालुका

उत्तर : पत्राच्या शेवटच्या ओळीत आपण जाता जाता जे लिहिले आहे, त्यात आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे, परंतु विचारले आहे मधाविषयी, म्हणून आधी त्याबद्दल.

मध दाट आणि चिकट असल्यामुळे गिळताना घशाला व अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराला काही वेळ लेप बसतो आणि जळजळ शमल्यासारखी वाटते. हा अनुभव खोटा नाही. मात्र मधाने जठरातले आम्ल उदासीन होते, ही समजूत बरोबर नाही, कारण मध स्वतःच आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारणपणे साडेतीन ते साडेचारच्या आसपास असतो आणि गोडव्यामुळे तो आंबटपणा जिभेला जाणवत नाही इतकेच. अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली की जठरातले आम्ल उलटे वर चढते, आणि ती झडप घट्ट करण्याचे काम मध करतो असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. लहान मुलांच्या खोकल्यावर मधाचा उपयोग माणसांवरच्या अभ्यासांतून बऱ्यापैकी दिसला आहे, तसे जळजळीच्या बाबतीत म्हणता येत नाही. तेव्हा तात्पुरता आराम मिळेल. कायमचा गुण येईल असे मी सांगणार नाही.

लिंबू तर आपण वगळावेच, कारण आधीच सोललेल्या अस्तरावर आंबट रस गेला की बऱ्याच जणांची जळजळ वाढते. मध हवाच असेल तर चहाचा एक चमचा, नुसता किंवा साध्या पाण्यातून घ्यावा. तेवढ्यात सुमारे २० कॅलरी आणि पाच-सहा ग्रॅम साखर असते, म्हणून ज्यांना मधुमेह आहे त्यांनी आपले पाहून हा सल्ला उचलू नये. उकळत्या पाण्यात मध घालू नये, असे आयुर्वेदही सांगतो. झोपताना चाटून लगेच आडवे होण्यात मात्र काही हशील नाही.

आता तंबाखू. निकोटीनमुळे हीच झडप सैल पडते. जेवणानंतर पोट भरलेले असताना चुना-तंबाखूचा बार भरणे म्हणजे आम्लाला वर यायला दार उघडून देणे होय. आपल्या भागातील अनेक आयाबाया मिशरी लावतात आणि आपण तंबाखू खात नाही असे प्रामाणिकपणे सांगतात. मिशरी ही भाजलेली तंबाखूच आहे, एवढे त्यांच्याही कानावर घालावे. गुडघ्याची गोळी बहुधा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक असणार. अशा गोळ्यांनी जठराचे संरक्षक आवरण दुबळे होते, जखमा होतात, आणि त्या उपाशीपोटी घेतल्या तर पोटाला आणखीच जड जातात. गोळीचे पाकीट घेऊनच डॉक्टरांकडे जावे, म्हणजे पर्याय सुचवणे त्यांना सोपे पडेल.

शेतकऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मी नेहमी विचारतो. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायचे, दहा-अकराला घरी येऊन भाकरी, ठेचा आणि तिखट कालवण पोटभर खायचे आणि दमल्या अंगाने तसेच लवंडायचे, असा क्रम असेल तर कोणतेही औषध पुरे पडणार नाही. जेवण आणि झोप यांत किमान दोन ते तीन तास हवेत. ज्या रात्री पाण्याची पाळी असेल त्या रात्री मोटार सुरू करायला जाण्यापूर्वीच जेवून घ्यावे आणि परतल्यावर फार तर थोडे दूध घ्यावे. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली एकावर एक अशा दोन-दोन विटा आडव्या ठेवल्या तर सुमारे सहा इंच उंची मिळते आणि आम्ल खालीच राहते. उशीवर उशी रचून हे साधत नाही, कारण त्याने फक्त मान आणि पोट वाकते, पोटावर दाब येतो आणि उलट त्रास होतो. जमिनीवर झोपत असाल तर कमरेपासून वरच्या भागाखाली घडी केलेल्या गोधड्यांचा उतार करावा, आणि डाव्या कुशीवर झोपावे.

पित्ताची गोळीही दोन दिवस घेऊन सोडण्याची नसते. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या जातीच्या गोळ्या जेवणापूर्वी अर्धा तास घ्यायच्या असतात आणि त्यांचा क्रम सहसा काही आठवड्यांचा असतो. तो डॉक्टरांनीच ठरवावा. घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच यांपैकी काहीही आढळले तर मध, गोळी सगळे बाजूला ठेवून दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. आपले वय आणि तंबाखू पाहता एक गोष्ट ठासून सांगतो : जळजळीबरोबर घाम फुटला, दम लागला किंवा कळ जबड्याकडे अथवा हाताकडे सरकली, तर ते पित्त समजून घरी थांबू नये, त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझे बाळ तीन महिन्यांचे असून पाजल्यावर दूध बाहेर काढते. ‘पोटात आग होत असेल, गुटी मधात उगाळून दे,’ असे सासूबाई म्हणतात. द्यावी का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : नाही. बाळाला एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटसुद्धा चाटवू नये. मधात क्वचित एका जिवाणूचे बीज असते. मोठ्यांना ते बाधत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकते. मग शौचाला खडा होतो, रडणे क्षीण होते, दूध ओढण्याची ताकद राहत नाही आणि मान लुळी पडते. मध कितीही शुद्ध असला, घरी गरम करून घेतला, तरी हे बीज मरत नाही. सासूबाईंच्या काळी सर्रास गुटी दिली जात असे आणि त्यांचा हेतू मायेचाच आहे, हे मान्य करूनही हे त्यांना सांगावेच लागेल. या वयात झडप कच्ची असल्याने दूध येणे सामान्य आहे आणि बहुतेक बाळांत ते वर्षाच्या आत थांबते. पाजल्यावर वीस-तीस मिनिटे खांद्यावर उभे धरावे. वजन वाढत नसेल किंवा उलटी हिरवी असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : पित्तासाठी म्हणून आणलेल्या मधाची थंडीत साखर झाली. भेसळ आहे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तेवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. शुद्ध मधातले ग्लुकोजही थंडीत गोठून त्याचे कण होतात. बरणी हाताला सोसवेल इतक्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवली की मध पुन्हा पातळ होतो. गॅसवर मात्र ठेवू नये.