छापखाना पीडीएफ नको, 'ओपन फाईल' द्या म्हणतोय. पुस्तकाची फाईल नेमकी कशी द्यावी?

ओपन फाईल, म्हणजे कुणालाही बदलता येणारी मूळ फाईल, देऊ नका. तुम्ही लिहिलंय की पुस्तक इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) लावून झालंय, डेमी १/८ आकार, १९२ पृष्ठं, आत एकरंगी मजकूर, कव्हर चाररंगी, आणि छापखाना म्हणतो, "ओपन फाईल पाठवा, आम्ही बघून घेतो." हे 'बघून घेतो' ऐकलं की माझं डोकं तापतं. प्रूफं तीन-तीनदा वाचून तयार केलेली मराठी पुस्तकं इथेच बिघडतात.

एका कवितासंग्रहाचं काय झालं ते सांगतो. ओपन फाईल छापखान्यात उघडली, तिथे तो युनिकोड फाँट नव्हता. ऑपरेटरने समोर आलेल्या चौकटीत दुसरा फाँट निवडला आणि पुढे गेला. नव्या फाँटची अक्षरं थोडी रुंद, त्यामुळे लांब ओळींचे शेवटचे शब्द खालच्या ओळीत उतरले. कवितेत ओळ कुठे तुटते हे कवीने ठरवलेलं असतं, इथे ते फाँटने ठरवलं. तो फाँट हिंदी वळणाचा असल्याने 'ल' आणि 'श' बदलले. २००९च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितलाय, तो गेला. मग काही कविता कोरल ड्रॉमध्ये (चित्रं-मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये) घेण्यासाठी मजकूर कन्व्हर्टरमधून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये नेला. त्यात र आणि य यांच्यामधला न दिसणारा जोडक गळाला आणि सह्याद्रीच्या 'दऱ्या'चा 'दर्या' झाला. हे कुणी पकडणार कसं? प्रूफं तर लेखकाच्या पीडीएफवर वाचून संपली होती.

यातलं पीडीएफमध्ये काहीच होत नाही, कारण फाँट फाईलच्या आत बसलेला असतो आणि ओळ जिथे तुटलीय तिथेच राहते. 'दऱ्या'साठी मात्र आधीच एक काळजी घ्या. इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे दाबून येणारा 'ऱ' वापरा, त्याला हलन्त द्या, मग 'य' किंवा 'ह'. यात जोडकच नसतो, त्यामुळे गळायला काही उरत नाही. आणि वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला दिसत असेल किंवा जोडाक्षरं सुटी पडत असतील तर परिच्छेदाला इनडिझाइनमधलं वर्ल्ड-रेडी कंपोझर हे सेटिंग लावलंय का ते बघा.

एक्स्पोर्ट करताना पीडीएफ/एक्स-१ए हा छपाईसाठीचा पीडीएफचा प्रकार निवडा. पृष्ठं एकेक द्या, समोरासमोरची जोडी करून देऊ नका. १६ पृष्ठांच्या फर्म्यात (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घालायच्या गठ्ठ्यात) पानं लावणं हे छापखान्याचं काम आहे. तुमचे १९२ म्हणजे बरोबर १२ फर्मे होतात, त्यामुळे मागे कोरी पानं वाढवायची गरज नाही.

मग अॅक्रोबॅट प्रोमध्ये दोन गोष्टी तपासा. प्रॉपर्टीजमधल्या फाँट्सच्या यादीत प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' हवं. दुसरं, आउटपुट प्रिव्ह्यू उघडून त्यात फक्त ब्लॅकची खूण काढा. सगळा मजकूर गायब झाला पाहिजे. अक्षरं फिकी होऊन मागे उरली, तर ते काळं चार शाईंचं आहे. वर्डमधून किंवा आरजीबीतून (स्क्रीनच्या रंगपद्धतीतून) आलेल्या मजकुरात हे हमखास सापडतं. फोटोशॉपच्या नेहमीच्या अमेरिकन सेटिंगमध्ये आरजीबी काळ्याचं रूपांतर सी (निळी) ७५, एम (किरमिजी) ६८, वाय (पिवळी) ६७, के (काळी) ९० टक्के असं होतं. एकरंगी छपाईत त्यातली फक्त काळ्याची प्लेट (प्रत्येक शाईचा छपाईचा पत्रा वेगळा असतो) घेतली, तर अक्षर १०० टक्क्यांऐवजी ९० टक्क्यांचं, म्हणजे ठिपक्यांचं छापलं जातं. भिंगाखाली बघा, शिरोरेषेची कड करवतीसारखी दिसते आणि वेलांटीचा बारीक भाग तुटक होतो. वाचणाऱ्याला कारण कळत नाही, छपाई भुरकट एवढंच वाटतं. कव्हरच्या बारीक अक्षरात तर चार प्लेटा केसभर सरकल्या तरी अनुस्वाराला रंगीत कड येते. म्हणून बारीक मजकूर के १०० आणि बाकी शून्य.

फोटो छापायच्या मापात ३०० पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) हवेत. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आलेले घेऊ नका, डॉक्युमेंट म्हणून मागवा. मॅपलिथोवर (पुस्तकाच्या साध्या कागदावर) शाईचा ठिपका फुगतो, ५० टक्क्यांचा करडा ७०च्या आसपास दिसतो, तेव्हा फोटो स्क्रीनवर जरा जास्तच उजळ ठेवा.

कव्हरला चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापल्यावर पांढरी कड राहू नये म्हणून मापाबाहेर वाढवलेला रंग) द्या. पाठीची जाडी अंदाजाने ठरवू नका. १९२ पृष्ठं म्हणजे ९६ पानं, तेव्हा त्याच कागदाची ९६ कोरी पानं दाबून व्हर्नियरने मोजा. एक पान ०.०९ मिमी भरलं तर पाठ ८.६ मिमी. रंगीत पार्श्वभूमीवरच्या काळ्या अक्षराला ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छपाई) असावं, पांढऱ्याला चुकूनही नको, ते छपाईत नाहीसं होतं.

"निदान कर्व्ह करून तरी द्या" असंही सांगतील, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा करून. कव्हरवरचं नाव करा, पूर्ण पुस्तक नाही. फाईल जड होते, बारीक अक्षरं कधीकधी जाडसर उमटतात आणि पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही.

पन्नास-शंभर प्रतीच डिजिटल मशीनवर काढायच्या असतील तर प्लेटा सरकण्याचा प्रश्न नाही, फाँटचा आणि ओळींचा मात्र तोच आहे. छापखान्याचं मशीन जुनं-नवं बघून ते पीडीएफ/एक्स-४ मागत असतील तर तेही चालेल, आधी विचारा. ओपन फाईल फाँटसकट पॅकेज करून स्वतःजवळ ठेवा, पुढच्या आवृत्तीला लागेल.

इतकं करूनही छापखाना ओपन फाईलवरच अडून बसला, तर एकच अट घाला: प्लेट काढण्याआधी त्यांच्या मशीनवरून निघालेलं पूर्ण १९२ पृष्ठांचं प्रूफ हवं. ते आलं की प्रत्येक पृष्ठाचा शेवटचा शब्द तुमच्या पीडीएफशी ताडून बघा, आणि सही त्यानंतरच करा.