पीसीसीची फाइल नेमकी कोणाच्या टेबलावर आहे?

परदेशी जाणाऱ्यांना लागणारं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी, यावर बडोद्याच्या आणि आसपासच्या वाचकांनी विचारलेले प्रश्न इथं घेतले आहेत. बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच आहे: "ऑनलाइन स्टेटस बघतो, पण काही कळत नाही." त्यातल्या इंग्रजीवर अडून बसू नका. फाइल आज कोणाकडे आहे, एवढंच त्या ओळीतून काढायचं असतं.

प्रश्न : मुलीच्या पीसीसीसाठी पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन बारा दिवस झाले. साइटवर फाइल नंबर टाकला की पासपोर्ट स्पीड पोस्टानं रवाना झाल्याचं दिसतं. आम्ही पासपोर्ट मागितलाच नव्हता! मग हा कोणाचा निघाला? (मांजलपूर)

उत्तर : तिचाच आहे, पण जुना. तुम्ही नंबर बहुधा पासपोर्टच्या शेवटच्या पानावरून उतरवलात. आईवडिलांची नावं आणि पत्ता असतो त्याच पानावर एक फाइल नंबर छापलेला असतो. पासपोर्ट ज्या अर्जावरून निघाला, त्या अर्जाचा तो नंबर. साइट त्या अर्जाची जुनी हकीकत सांगते आहे.

पीसीसीचा फाइल नंबर वेगळा असतो आणि तो घरबसल्या मिळत नाही. फॉर्म भरून ५०० रुपये भरले की अपॉइंटमेंटच्या पावतीवर येतो तो एआरएन, म्हणजे अर्जाचा संदर्भ क्रमांक. केंद्रात जाईपर्यंत त्याचं काम. तिथं ए, बी आणि सी अशा तिन्ही काउंटरवरून कागद पुढे सरकले की निघताना ॲक्नॉलेजमेंटचा कागद हातात देतात. खरा फाइल नंबर त्यावर असतो. तो पंधरा खुणांचा: आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग बहुधा अंकच. त्यामुळे पुढे जे गोल दिसेल ते बहुधा शून्य, इंग्रजी 'ओ' नव्हे. अर्धे 'रेकॉर्ड सापडत नाही' इथंच होतात. शेवटचे दोन अंक अर्जाच्या वर्षाचे असतात. ते यंदाचे नसतील तर नंबर चुकीचा उचललात, हे टाकण्याआधीच कळेल.

स्टेटस बघायला लॉगिन लागत नाही. पानावर तीनच गोष्टी विचारतात: अर्जाचा प्रकार (यादीत पासपोर्ट आणि पीसीसी एकाच ओळीत आहेत, तीच निवडा), फाइल नंबर आणि जन्मतारीख. तारीख पासपोर्टवर आहे तीच टाका, शाळेच्या दाखल्यावरची नको. मोबाइलवर हेच एमपासपोर्ट सेवा ॲपमध्ये दिसतं. साइटचा पत्ता 'गव्ह डॉट इन' असाच संपला पाहिजे. हुबेहूब दिसणाऱ्या आणि जास्तीचे पैसे उकळणाऱ्या साइट पुष्कळ आहेत.

प्रश्न : स्टेटसमध्ये पोलीस व्हेरिफिकेशन सुरू झाल्याचं अठरा दिवस दिसतंय. घरी कोणी आलं नाही, फोनही नाही. अहमदाबादला जाऊन विचारावं का? (रावपुरा)

उत्तर : अहमदाबादला जाऊ नका. ही ओळ दिसते तोवर फाइल त्यांच्या टेबलावर नाहीच. बडोद्याचं पासपोर्ट सेवा केंद्र अहमदाबादच्या रिजनल पासपोर्ट ऑफिसखाली येतं. तिथून चौकशी शहर पोलीस आयुक्तालयात येते, तिथून तुमच्या ठाण्यात, आणि अहवाल त्याच वाटेनं उलटा जातो. 'सुरू झालं' याचा अर्थ चौकशी अहमदाबादहून निघाली, एवढाच. ती ठाण्यातल्या हवालदाराच्या हातात पोचली, असा नाही.

पहिल्यांदा फॉर्मची प्रिंट काढून त्यातला मोबाइल नंबर बघा. फॉर्म एजंटनं भरला असेल तर बरेचदा तिथं त्याचाच नंबर असतो. मग एसएमएसही त्याला, पोलिसांचा फोनही त्यालाच, आणि अनोळखी नंबर म्हणून तो उचलतही नाही. "कोणी आलं नाही" म्हणणाऱ्या कितीतरी घरांत घोळ इथंच असतो.

मग निवडलेलं पोलीस ठाणं बघा. फॉर्ममध्ये ते आपणच निवडतो आणि अंदाजानं निवडतो. शेजारशेजारच्या सोसायट्यासुद्धा वेगळ्या ठाण्यांच्या हद्दीत असू शकतात. चौकशी चुकीच्या ठाण्यात गेली तर ते लोक "आमची हद्द नाही" असं लिहून परत पाठवतात, आणि त्या फेऱ्यात बरेच दिवस जातात. साइटवर यातलं काही दिसत नाही, ओळ तीच राहते.

दोन्ही बरोबर असतील तर ॲक्नॉलेजमेंटची प्रत घेऊन सकाळी ठाण्यात जा आणि पासपोर्टचं काम कोणाकडे आहे ते विचारा. जाताना पासपोर्ट, आधार, लाइटबिल किंवा घरवेऱ्याचं (घरपट्टीचं) बिल, दोन फोटो आणि दोन शेजाऱ्यांच्या आधारच्या झेरॉक्स असू द्या. लाइटबिल अजून आजोबांच्या नावावर असलं तरी बिघडत नाही. आजोबा ते वडील ते तुम्ही हे नातं दाखवणारा एखादा कागद सोबत ठेवा. भाड्यानं राहत असाल तर भाडेकरार घ्या आणि ठाण्यात भाडेकरूची नोंद झालेली आहे का, हे घरमालकाला आधी विचारा. चौकशीसाठी पोलिसांना काही पैसे द्यायचे नसतात.

आता एक खास आपल्या बडोद्याची अडचण. गुजरातेत शाळेच्या कागदांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. शिवाय आधार किंवा रेशनकार्ड काढताना समोरचा माणूस सवयीनं 'भाई' नि 'बेन' चिकटवतो. पासपोर्टवर वडील विनायक, आधारवर विनायकभाई. पासपोर्टवर सुनंदा, निवडणूक कार्डावर सुनंदाबेन. स्थानिक पोलिसांना याचं नवल नसतं, पण अहवाल पुढे ज्याच्या हातात जातो तो अक्षर न् अक्षर ताडून बघतो. आधार आधीच दुरुस्त करून घ्यावं हे उत्तम. वेळ नसेल तर ही दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र चौकशीच्या वेळीच द्या. अहवाल गेल्यावर दिलेलं प्रतिज्ञापत्र त्याला जाऊन चिकटत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवावा.

प्रश्न : पासपोर्टवर गाव बोडेली, जिल्हा वडोदरा असं आहे. पीसीसीच्या फॉर्ममध्ये तेच लिहू ना? (बोडेली)

उत्तर : नाही. छोटा उदेपूर २०१३ साली वेगळा जिल्हा झाला आणि बोडेली त्यात गेलं. राहता पत्ता अजून तोच असेल तर आजचा जिल्हा निवडा, म्हणजे चौकशी तिथल्या पोलिसांकडे जाईल. सावली, डभोई, पादरा, करजण आणि वाघोडियाकरांनीही ध्यानात ठेवावं: जिल्हा बडोदाच, पण पोलीस ग्रामीणचे. शहर आयुक्तालयात तुमची फाइल शोधून सापडणार नाही.

प्रश्न : पोलीस येऊन गेले, सगळं व्यवस्थित आहे म्हणाले. तरी स्टेटस 'रिजनल पासपोर्ट ऑफिसमध्ये रिव्ह्यूखाली' असंच. लाच मागायची ही पद्धत आहे का? (कारेलीबाग)

उत्तर : तसं काही लगेच समजू नका. त्याच ओळीत पोलीस अहवाल 'क्लिअर' मिळाल्याचं लिहिलं आहे का, ते नीट वाचा. लिहिलं असेल तर फक्त सही बाकी आहे. काही दिवस थांबा, मग १८००-२५८-१८०० या मोफत नंबरवर फाइल नंबर सांगून तक्रार नोंदवा.

'नॉट क्लिअर' असेल तर मात्र थांबून उपयोग नाही. अर्जदार पत्त्यावर राहत नाही, नावात फरक, शेजाऱ्यांनी ओळखलं नाही, जुना गुन्हा नोंदलेला आहे, अशी याची नेहमीची कारणं. पासपोर्ट ऑफिस खुलाशाचं पत्र पाठवतं. ते टपालानं येईपर्यंत वाट न बघता साइटवरून चौकशीची अपॉइंटमेंट घ्या आणि तेव्हा खुशाल अहमदाबादला जा, कारण आता फाइल खरोखर त्यांच्या टेबलावर आहे. गुन्हा होता आणि निकाल लागला असेल तर कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत न्या. फॉर्ममध्ये तो गुन्हा लपवला असेल तर मूळ गुन्ह्यापेक्षा लपवणंच जास्त महागात पडतं.

प्रश्न : मुलगा टोरांटोला आहे. त्यानं भारताच्या पीसीसीसाठी तिकडूनच अर्ज केला. मी इथल्या साइटवर त्याचा नंबर टाकतो, काही येत नाही. (अकोटा)

उत्तर : परदेशातल्या भारतीय वकिलातींचं पासपोर्ट पोर्टल वेगळं आहे. तिथला अर्ज तिथंच दिसतो, इथल्या पोर्टलवर नाही. शिवाय कॅनडात कागद बीएलएस या कंपनीमार्फत घेतले जातात आणि तिचा स्वतःचा ट्रॅकिंग नंबर असतो. तो फक्त पाकीट कुठं पोचलं हे सांगतो, अर्जाचं काय झालं हे नाही. मुलाला दोन्ही नंबर विचारून घ्या. तुमच्याकडचं काम एवढंच की, इथल्या पत्त्यावर पोलीस आले तर घरात कोणीतरी असावं, आणि "तो इथं राहत नाही" असं तुटक उत्तर देऊ नये. "कायमचा पत्ता हाच, सध्या शिकायला कॅनडात" असं पूर्ण सांगावं. अर्धवट उत्तराचं अहवालात काय होतं ते वर आलंच.

प्रश्न : पीसीसी किती दिवस चालतं? आधीच काढून ठेवावं का? (सयाजीगंज)

उत्तर : चालतं की नाही हे मागणारा देश ठरवतो. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीत (तिथं कायम राहायला जाण्याच्या अर्जाची एक पद्धत), सध्या राहता त्या देशाचं सर्टिफिकेट अर्ज दाखल करण्याआधीच्या सहा महिन्यांतलं लागतं. ऑस्ट्रेलिया ते निघाल्यापासून बारा महिने मानतं. म्हणून हौसेनं लवकर काढू नये. आणि पीसीसीवर देशाचं नाव असतं. कॅनडासाठी काढलेलं ऑस्ट्रेलियाला चालत नाही. नवा अर्ज आणि पुन्हा ५०० रुपये.

आणखी एक, हे बहुतेकांच्या डोक्यात नसतं. आपलं पीसीसी भारतापुरतं बोलतं. मध्ये चार वर्षं दुबईत नोकरी केली असेल तर तिथल्या पोलिसांचं सर्टिफिकेट वेगळं आणावं लागतं. कॅनडा गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने राहिलेल्या देशांचं मागतं, ऑस्ट्रेलिया एकूण बारा महिने राहिलेल्या देशांचं. ते कागद यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. सुरुवात त्यांच्यापासून करा.

प्रश्न : अपॉइंटमेंटच्या दिवशी ताप आला, जाता आलं नाही. पैसे बुडाले? (गोत्री)

उत्तर : नाही. पहिल्या अपॉइंटमेंटपासून वर्षभरात ती दोनदा बदलता येते. त्यानंतर मात्र नवा अर्ज.

प्रश्न : मकरपुऱ्यातल्या कारखान्यात नोकरी लागली. ते पोलीस व्हेरिफिकेशन मागतात. हेच पीसीसी का? (मकरपुरा)

उत्तर : नव्हे. पासपोर्ट ऑफिसचं पीसीसी परदेशी नोकरी, वास्तव्य आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी. पर्यटनासाठीसुद्धा ते देत नाहीत. इथल्या नोकरीसाठी स्थानिक पोलिसांचा दाखला लागतो. तो गुजरात पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरून मागवतात आणि त्याचा अर्ज क्रमांकही तिथंच शोधायचा. कारखान्याला नेमका कोणता कागद हवा आहे ते त्यांच्याकडून लेखी घ्या. उलटही होतं: ठाण्याचा दाखला घेऊन व्हिसाच्या खिडकीशी गेलेले परत आले आहेत.

प्रश्न : मंजूर झाल्याचं दिसतंय. आता? (दांडिया बाजार)

उत्तर : एसएमएस आणि स्टेटसमध्ये काय लिहिलंय तसं करा: केंद्रातून घ्यायचं असेल तर मूळ पासपोर्ट आणि ॲक्नॉलेजमेंट घेऊन जा, टपालानं येणार असेल तर स्पीड पोस्टाचा नंबर टिपून ठेवा. हातात पडल्यावर तिथंच उभं राहून नाव, पासपोर्ट नंबर आणि देशाचं नाव ही तिन्ही बोट ठेवून वाचा. चूक तिथल्या तिथं दाखवली तर लगेच बघता येते. घरी गेल्यावर सापडली तर चौकशीची अपॉइंटमेंट, अहमदाबादची बस आणि पुन्हा तीच ट्रॅकिंगची ओळ.