पीएम विद्यालक्ष्मी योजना असताना बँक ६ लाखांच्या शैक्षणिक कर्जाला जामीनदार का मागते?

तुमच्या मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळालाय, कर्ज ६ लाखांचं हवंय आणि शाखेत "दोन जामीनदार आणा" म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. मी बरीच वर्षं एका सरकारी बँकेत कर्जाच्या टेबलावर होतो, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

जुन्या नियमात ४ लाखांपर्यंत काही लागायचं नाही, ४ ते साडेसात लाखांना जामीनदार आणि त्यापुढे घर-जमीन तारण. तुमच्या शाखेतल्या साहेबांच्या डोक्यात अजून तेच बसलंय. खरं तर २०१५ पासून साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या निधीची ७५ टक्के हमी मिळते, म्हणजे कर्ज थकलं तर थकबाकीचा तेवढा भाग निधी बँकेला देतो, आणि ती घेतली की जामीनदार मागता येत नाही. म्हणजे नवी योजना नसती तरी तुमच्याकडे मागणी व्हायला नको होती. पण कर्ज थकलं की मॅनेजरला जाब विचारतात, हमीचा दावा करायचा तर कागदांचा ढीग, त्यापेक्षा जामीनदार बरा. आम्हीही तेच करायचो, खोटं कशाला बोलू.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मीनं यात एक मोठा बदल केला: आधी कॉलेज बघायचं. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांच्या, क्रमवारीतल्या पहिल्या १०० संस्था, १०१ ते २०० मधल्या राज्य सरकारी संस्था आणि केंद्राच्या सगळ्या संस्था. सुरुवातीला अशा ८६० होत्या. कॉलेज या यादीत असेल आणि प्रवेश गुणवत्तेवर असेल तर तारण नाही, जामीनदार नाही. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. आईवडिलांना सहकर्जदार म्हणून सही करावी लागते, तो जामीन नव्हे. शाखेत हे दोन्ही सर्रास एकच समजतात. मात्र हमी इथेही साडेसात लाखांपर्यंतच आहे, त्यामुळे त्यावरची रक्कम मागितलीत की साहेबांचा हात आखडतो.

यादीत नसलेल्या चांगल्या कॉलेजातल्या पोरांचं काय, हे मला अजून पटलेलं नाही. आपल्या तालुक्याच्या गावातली बहुतेक कॉलेजं त्या यादीबाहेरच आहेत.

व्याजाचं गणित मात्र आत्ताच करा. दरवर्षी दीड लाख असे चार हप्ते उचललेत आणि दर ९ टक्के धरला, तर शिक्षणाची ४ वर्षं आणि परतफेड सुरू होण्याआधीचं पुढचं १ वर्ष मिळून साधं व्याजच सुमारे १ लाख ८९ हजार होतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि दुसरी शिष्यवृत्ती नसेल, तर योजनेतली ३ टक्के सवलत मिळून त्यातले ६३ हजार वाचू शकतात. ही सवलत वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांनाच आहे, तेव्हा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका.

अर्ज शाखेत कागदावर देऊ नका, पीएम विद्यालक्ष्मीच्या पोर्टलवर भरा. तिथे तारीख पडते. नकार दिलाच तर कारण लेखी मागा. तोंडी नकार देणं सोपं असतं, लिहून द्यायची वेळ आली की साहेब पुन्हा एकदा परिपत्रक उघडून बघतात.