पहिल्यांदाच खेकड्यांना जाणार असशील तर

ससा, रानडुक्कर डोक्यातून काढून टाक. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि 'गावात सगळेच मारतात' हे कोर्टात चालत नाही. ओढ्यातल्या खेकड्यांना जा, पण अभयारण्याची हद्द सोडून. वर डोंगरात पाऊस लागला असेल तर पाण्यात उतरूच नकोस.

रात्री बॅटरीचा झोत पडला की खेकडा बहुतेक वेळा जागीच थबकतो. समोरून हात घालू नकोस. मागून पाठीवर दाबून धर, म्हणजे नांग्या बोटांपर्यंत पोचत नाहीत. उलटा करून बघ. पोटावरची झडप रुंद असली तर मादी. झडपेखाली अंडी-पिल्लं दिसली की सोडून द्यायची, यावर चर्चा नाही.

घरी येईपर्यंत मेलेला खेकडा टाकून दे. बारीक तंगड्या पाट्यावर ठेचून पाण्यात कालव, गाळून घे. कालवणाची खरी चव त्या रसात. भाजलेला कांदा-खोबऱ्याचं वाटण परतून मग रस ओत आणि उकळी फुटेपर्यंत ढवळत राहा, नाहीतर गुठळ्या होतात. कच्चट ठेवू नकोस, अर्धवट शिजलेल्या खेकड्यातून फुप्फुसाचे कृमी होतात. कोकम शेवटी. आणि नांग्या फोडायला बत्ता जवळ ठेव, दातांवर पराक्रम नको.